चाळिसाच्या आत

साल्मनचा डबा एनॉक ऑर्मरॉड यांनी स्वतः उघडला, तेव्हाच हिल्डाने ओळखलं की आज बाबांना भाषण करायचंय. वर्षभर कपाटात पिठाच्या डब्यामागे दडवलेला होता तो. लढाई संपली की उघडू, असं ते म्हणायचे. लढाई काही संपलेली नव्हती. पण हेझलशॉ नगरपालिकेच्या आरोग्य खात्याच्या वार्षिक अहवालाची प्रुफं छापखान्यातून आली होती आणि त्यांच्या दुसऱ्या पानावर एक आकडा होता: एकोणचाळीस पूर्णांक आठ.

फेब्रुवारीतला रविवार, दुपारचे चार. चॅपलहून आलेली मंडळी पुढच्या खोलीत बसली होती आणि खास आजच्यासाठी शेगडीत चार कोळसे जास्त टाकले होते. टेबलावर करडा पाव, मार्गारिन, गाजराचा केक आणि मधोमध तो साल्मन, एवढासा. एनॉकनी सगळ्यांच्या बशीत चमच्याने मोजून वाढला आणि चष्मा नाकावर चढवला.

"हजार बाळं जन्मली तर वर्षाच्या आत किती दगावली," ते म्हणाले, जणू हे कुणाला माहीतच नव्हतं. "एकोणचाळीस पूर्णांक आठ. मी आरोग्य समितीचा अध्यक्ष झालो तेव्हा अठ्ठ्याऐंशी होता. अठ्ठ्याऐंशी!"

"दर रविवारी सांगतोस की," अमॉस मामा म्हणाला. हा हिल्डाच्या वारलेल्या आईचा भाऊ, सुतार. गावातल्या निम्म्या शवपेट्या त्याच्या हातच्या.

"मग आज पुन्हा ऐक. साल्मन खायचाय ना?"

मामा हसला. थर्झा आत्याही हसली. हिल्डा हसली नाही. तिची पर्स तिच्या मांडीवर होती आणि त्या पर्समध्ये शुक्रवारपासून एक कागद होता. दोन रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

बाबांचा हा आकडा खोटा अभिमान नव्हता, हेच तर तिला जास्त छळत होतं. नऊ भावंडांत एनॉक आणि थर्झा दोघंच जगली होती. दूध उकळून विकायला लावलं ते बाबांनी, गल्ल्यांतले उघडे संडास बुजवले ते बाबांनी, आणि दुधाच्या भेसळीवरून स्वतःच्या पक्षातल्या माणसाला कोर्टात खेचलं तेही बाबांनीच. चाळिसाच्या आत आणीन, असं त्यांनी भर सभेत म्हटलं होतं आणि लोक हसले होते. त्या हसणाऱ्यांना बुधवारी, नगरपालिकेच्या सभेत, बाबांना उत्तर द्यायचं होतं. अकरा वर्षं त्याच खात्यात कारकुनी करणाऱ्या हिल्डाने हा अहवाल स्वतःच्या हाताने टाईप केला होता. बेरजा तिच्याच होत्या. एक हजार तीस जन्म, एक्केचाळीस मृत्यू.

"आयव्ही, तू घेतच नाहीयेस," एनॉक म्हणाले. "या आकड्यात आपल्या सगळ्यांचा वाटा आहे, बरं का."

खिडकीशी बसलेल्या आयव्हीने मान वर केली. क्लिफची, म्हणजे हिल्डाच्या धाकट्या भावाची ही बायको. तो आरमारात, मालवाहू जहाजांच्या काफिल्यांबरोबर उत्तरेकडच्या समुद्रात. त्याचा लोकरी कोट अंगावर घालूनच ती हल्ली घरात वावरायची.

"माझा वाटा कसा काय?" तिने विचारलं.

केक कापणारी थर्झा आत्या न थांबता म्हणाली, "तुझं बाळ जन्मतःच गेलेलं होतं गं. ते यात धरत नाहीत. त्यांचा तक्ता वेगळा असतो, चौथ्या पानावर."

हे ती इतक्या सहजपणे म्हणाली, दुकानात वाणी दुसरं कपाट दाखवतो तसं, की हिल्डाच्या डोक्यात तिडीक गेली. चहा झाल्यावर आत्याला एकटीला गाठायचं, असं तिने ठरवलं होतं. ते सगळं ती क्षणात विसरली.

"जन्मतःच गेलेल्या बाळासाठी डॉक्टरला चिठ्ठी कशाला पाठवलीस, आत्या?"

सुरी केकमध्येच थांबली. थर्झा आत्या गेली एकतीस वर्षं गावाची सुईण होती. गावातलं प्रत्येक तिसरं पोर तिच्या हातावर जन्मलेलं.

"कसली चिठ्ठी?"

हिल्डाने पर्स उघडली. सुईणीने डॉक्टरला बोलावलं की तिला कारण लिहून द्यावं लागे, खाली कार्बन घालून तीन प्रतींत: एक डॉक्टरला, एक सुईणीच्या वहीत, एक नगरपालिकेत. नगरपालिकेची प्रत एका खणात पडून राही आणि वर्षातून एकदा, अहवालासाठी, कुणीतरी ती मोजी. या वर्षी मोजणारी हिल्डा होती.

"सव्वीस नोव्हेंबर," तिने वाचलं. "दुपारी चार वाजून दहा मिनिटं. ऑर्मरॉड, अठरा, क्लॅरेंडन टेरेस. म्हणजे हे घर. कारण: बाळ फार अशक्त." तिने कागद साल्मनच्या बशीला टेकवून उभा केला. "मेलेलं बाळ अशक्त नसतं, आत्या. मेलेलं असतं."

"घाईत लिहिलं गेलं असेल."

"एकतीस वर्षांत तू घाईत काही लिहिलंयस?"

"हिल्डा!" एनॉकचा आवाज चढला. "कचेरीचे कागद घरी आणायचे नसतात. नियम आहे तो."

"नियम आहे का? मग नियमांचंच बोलू या, बाबा. बाळाने एक श्वास जरी घेतला तरी ते जन्मलं, असा नियम आहे. त्याचा जन्म लिहायचा, मग मृत्यू लिहायचा. दोन्ही नावासकट. तुम्हीच मला शिकवलाय तो, मी नोकरीला लागले त्या आठवड्यात."

आयव्ही उठून उभी राहिली होती. ती टेबलाशी आली, कागद उचलला, वाचला. मग पुन्हा वाचला.

"मी ऐकलं होतं," ती म्हणाली.

तिने कागद पुन्हा टेबलावर ठेवला.

"मी रडणं ऐकलं होतं. अडीच महिने मी तुम्हाला सांगतेय. तुम्ही म्हणालात, गुंगीत होतीस. आत्या, तू म्हणालीस, मांजर असेल शेजारच्यांचं."

"तुला रक्तस्राव होत होता, पोरी. तुझं तुला भान—"

"कुठलं मांजर?"

"अगं, हार्टलींचं ते..."

"हार्टलींचं मांजर लढाई लागली त्याच आठवड्यात मारलं," आयव्ही म्हणाली. "बॉम्बच्या आणि टंचाईच्या भीतीने सगळ्या गल्लीने मारली तेव्हा. टोपल्या घेऊन रांगा लागल्या होत्या. मला कालच मिसेस हार्टलींनी सांगितलं, दुधाच्या रांगेत, मी सहज विचारलं तेव्हा. साडेतीन वर्षं त्या घरात मांजर नाही." तिचा आवाज चिरकला. "मी रात्री उठून खिडकीत बशी ठेवत होते, माहितीये? दूध! माझ्या वाट्याचं! म्हटलं, येऊ दे ते मांजर, एकदा ओरडू दे, म्हणजे मला पटेल. म्हणजे मी वेडी नाही हे मला पटेल!"

हिल्डाला ती बशी आठवली. रोज सकाळी तिनेच ती विसळून ठेवली होती, एका शब्दाने न विचारता. स्वतःचीच तिला शिसारी आली.

अमॉस मामाने घसा खाकरला. "हे बघा, झालं ते झालं. पोरीला बरं वाटावं म्हणूनच केलं असणार ना थर्झाने. आता उकरून काय मिळणार?"

"तू मध्ये पडू नकोस, मामा," हिल्डा म्हणाली.

"मी काय वाईट—"

"किती वेळ?" आयव्हीने आत्याला विचारलं. "किती वेळ होता तो?"

थर्झा आत्याने सुरी खाली ठेवली. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. मोठे हात होते तिचे, गरम पाण्याने लाल पडलेले.

"पस्तीस मिनिटं," ती म्हणाली. "चार वाजून पाच ते चार चाळीस. मी त्याच्या तोंडात फुंकर घातली, त्याला शेगडीशी धरलं, ब्रँडीचं बोट लावलं. डॉक्टर पन्नासला आला. सगळ्या गावाला तो एकटा, जोडीदार सैन्यात. आला तो तुझ्याकडेच धावला, तू पांढरीफटक पडली होतीस. बाळाचं विचारलं तेव्हा मी मान हलवली. मृत जन्माचा दाखला मीच लिहिला."

"का?"

"का म्हणजे? तसंच करते मी!" आता तीही भडकली. "तुम्हाला काय कळतंय? घरात चार पोरं, नवरा वाळवंटातल्या लढाईवर, आणि तान्हं अर्धा तास जगून गेलेलं. त्या बाईने काय करायचं? टाके ओले असताना एकदा जन्म लिहायला जायचं, एकदा मृत्यू लिहायला? वेगळं पुरायचं? मी म्हणते, आलंच नव्हतं असं समज. त्याने सुटतात पोरी."

"मी सुटले का?" आयव्ही म्हणाली.

आत्याने केकची बशी बाजूला सरकवली.

हिल्डाच्या मनात मात्र 'तसंच करते मी' हे तीन शब्द फिरत राहिले. तिने प्रुफं ओढली आणि चौथं पान काढलं. मृत जन्म: तीन वर्षं चढते. आरोग्याधिकारी डॉ. मकिननी त्याचं खापर ब्लॅकआउटवर आणि करड्या पावावर फोडलं होतं. दुसऱ्या पानावरचा आकडा तीन वर्षं उतरता. ही दोन पानं तिने किती वेळा टाईप केली असतील, पण शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिली नव्हती.

"आत्या, अशी किती?"

"मला नाही आठवत."

"तुझ्या वहीत असणार. तू खोटा दाखला देशील, पण स्वतःच्या वहीत खोटं लिहिणार नाहीस. किती?"

"नऊ," आत्या म्हणाली. "लढाई लागल्यापासून नऊ. हा धरून."

"देवा," अमॉस मामा पुटपुटला.

"पुरे!" एनॉकनी मूठ आपटली. कप खणखणले. "बुधवारी माझी सभा आहे. सतरा वर्षं घासलीत मी या गावासाठी. नऊ म्हणे! तीन वर्षांत मिळून नऊ, त्याने काय फरक पडतो? एखादा दशांश इकडे-तिकडे!"

"या एकानेच पडतो," हिल्डा म्हणाली. "हा धरला तर बेचाळीस मृत्यू. एक हजार एकतीस जन्म. चाळीस पूर्णांक सात."

"अगं, मला येतं गणित! त्या दिवशी एक्केचाळीस होऊन गेले होते आणि वर्ष संपायला महिना बाकी—"

ते थांबले. पण जे बोलायचं ते बोलून झालं होतं.

हिल्डाला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग तिने आत्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं की बरोबरच ऐकलं.

"त्या दिवशी तुम्ही मोजत होतात," ती म्हणाली.

"तसं नाही—"

"जिन्यावर उभा होतास तू, एनॉक," थर्झा आत्या म्हणाली. आता ती भावाच्या बाजूची राहिली नव्हती. बोलताना तिने खुर्चीच त्याच्यापासून सरकवली. "दार उघडं होतं. तूही रडणं ऐकलंस. मी बाहेर आले, म्हटलं, गेला. तू मला विचारलंस, 'लिहायलाच हवं का?' मला वाटलं, तुला क्लिफची काळजी. समुद्रावरच्या पोराला आणखी दुःख नको, असं वाटत असेल म्हणून मी 'नको' म्हटलं. मी कुणाचीही कधी मोजणी केली नाही. मी त्या बायांच्या तोंडाकडे बघून करायची. तू आकड्याकडे बघून केलंस!"

"क्लिफचीच काळजी होती मला!"

"आणि आकड्याची नव्हती?"

एनॉकनी चष्मा काढला, पुसला. पुसत राहिले.

"दोन्ही होतं," ते शेवटी म्हणाले. "माणसाच्या डोक्यात एका वेळी दोन गोष्टी नसतात का?"

"आधी काय आलं?" आयव्हीने विचारलं.

त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. हिल्डाला वाटलं, त्यांनी खोटं तरी बोलावं. एकदा, आयव्हीसाठी. पण एनॉक ऑर्मरॉड तोंडावर खोटं बोलणाऱ्यांपैकी नव्हते, त्यांनी आयुष्यभर फक्त दुसऱ्याने लिहिलेल्या कागदाखाली सही करून भागवलं होतं. आणि तिने या माणसाच्या शाबासकीसाठी अकरा वर्षं बेरजा केल्या होत्या!

"अमॉस मामा," आयव्ही वळली. "तू त्याला नेलंस. पेटीतून. कुठे ठेवलंस?"

"आयव्ही, ते आपण नंतर—"

"आत्ता."

मामाने एकदा एनॉककडे पाहिलं. तिकडून काही मदत येण्यासारखी नव्हती.

"मृत जन्मलेल्यांना वेगळी जागा नसते, पोरी. कुणाचं तरी दफन असतं, त्यांच्या पेटीत पायाशी ठेवतात. घरच्यांना सांगत नाहीत. पद्धत आहे तशी. मी मात्र पायाशी नाही ठेवला. हाताशी ठेवला. पांढऱ्या फ्लॅनेलमध्ये, माझ्या बायकोच्या."

"कुणाच्या?"

"म्हातारी... म्हातारी क्रॅब्ट्री."

कालव्यावर मासळी विकायची ती. पोरांनी दारासमोर चेंडू आणला तर चेंडू कापून परत द्यायची. क्लिफचा एक चेंडू तिने तसा कापला होता, त्याला सहा वर्षं असताना. घरात सगळ्यांना ती गोष्ट पाठ होती.

आयव्ही हसली. फार वाईट हसणं होतं ते. "क्रॅब्ट्री! माझं लेकरू त्या बाईच्या हाताशी. आणि तुम्ही इथे साल्मन खाताय!"

तिने बशी उचलली. हिल्डाला वाटलं, आता भिंतीवर जाणार. पण आयव्ही गरिबाघरची. मासा फेकणं तिच्या हाताला जमलं नाही. तिने बशी एनॉकच्या समोर नेऊन ठेवली, अगदी सावकाश.

"मृत जन्माच्या पुस्तकात सही कुणाची आहे?"

"माझी," एनॉक म्हणाले.

"मग उद्या जन्म-मृत्यूच्या निबंधकाकडे तुम्ही येणार. आत्या येणार, तिची वही घेऊन. नऊ वाजता दार उघडतं."

"त्यांनी थर्झाचा परवाना काढून घेतला तर?" एनॉकनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली होता. "खोट्या दाखल्याचं प्रकरण आहे. एकतीस वर्षं..."

"माझी चिंता आता करू नकोस," आत्या म्हणाली. "जिन्यावर केली असतीस तर चाललं असतं."

एनॉकनी प्रुफांकडे हात नेला. हिल्डाने ती आधीच पर्समध्ये टाकली होती आणि पर्स काखेत घट्ट धरली होती, बाजारात भुरटे फिरत असताना धरावी तशी. बापापासून वस्तू लपवायची वेळ तिच्यावर आयुष्यात प्रथमच आली होती.

"छापखान्यात मीच जाईन, बाबा," ती म्हणाली.

सोमवारी निबंधकाच्या कचेरीत शेगडी पेटलेली नव्हती. निबंधक म्हातारा होता, मिस्टर एंटविसल. हातमोजे घालूनच लिहायचा, बोटांची टोकं कापलेले. एनॉकना पाहून तो उठून उभा राहिला. अध्यक्षांसाठी उठायची सवय. मग त्याने काय काम आहे ते ऐकलं आणि हळूहळू खाली बसला.

थर्झा आत्याने वही उघडून पुढे सरकवली. जबाब दिला. तारीख, वेळ, पस्तीस मिनिटं. एकदाही अडखळली नाही. एंटविसलने वरिष्ठांना पत्र घालावं लागेल असं सांगितलं, मंजुरी आल्याशिवाय मोठ्या पुस्तकात नोंद होणार नाही, पण जबाब आजच घेतो म्हणाला. "या प्रकरणात नियम कडक आहेत, मॅडम," तो आत्याला हळूच म्हणाला.

"ठाऊक आहेत मला," आत्या म्हणाली. "लिही तू."

"मुलाचं नाव?"

ऑर्मरॉडांच्या घरात थोरल्या नातवाला आजोबाचं नाव देत. घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर एकाआड एक चार एनॉक लिहिलेले होते आणि पाचव्यासाठी जागा सोडलेली होती. कधी कुणी विचारत नसे, तसंच ते चालत आलं होतं. एनॉकनी टोपी छातीशी धरली आणि सवयीने, कदाचित पश्चात्तापानेही, तोंड उघडलं.

"एनॉ—"

"टॉम," आयव्ही म्हणाली.

एंटविसलने दोघांकडे पाहिलं.

"टॉम ऑर्मरॉड. माझ्या बापाचं नाव. नगरपालिकेची कचरागाडी हाकायचा तो. तुम्ही आमच्या लग्नात त्याला मागच्या बाकावर बसवलंत, आठवतंय?" हे ती एनॉकना म्हणाली, पण त्यांच्याकडे न बघता. "एच नाही, मिस्टर एंटविसल. साधं टॉम. थॉमस नाही."

टाक दौतीत बुडाला. एनॉकनी जबाबाखाली सही केली. तीच ती सही, वळणदार, प्रत्येक वर्षी अहवालाच्या प्रस्तावनेखाली येणारी. हिल्डाने ती छापखान्यासाठी कितीदा कापून चिकटवली होती.

बाहेर पायऱ्यांवर वारा होता. हिल्डाने प्रुफं काढली, दुसरं पान उघडून भिंतीला टेकवलं.

"इथेच करायला हवं का?" एनॉकनी विचारलं. रस्त्याने माणसं जात होती, त्यातल्या काहींनी टोपीला हात लावला. "कचेरीत जाऊन कर ना."

"इथेच कर," आयव्ही म्हणाली. "मला बघायचंय."

हिल्डाने एकोणचाळीस पूर्णांक आठ खोडलं. शेजारी चाळीस पूर्णांक सात लिहिलं. आयव्ही अगदी जवळ उभी राहून बघत होती, आणि बाबा दोन पायऱ्या खाली, पाठ करून.

"शाईने नाही लिहिलंस?" आयव्हीने विचारलं.

"पेन्सिलच बरी," हिल्डा म्हणाली. आत्याची वही आता तिच्या काखेत होती, आणि उरलेल्या आठांतले किती गेल्या वर्षातले, ते अजून वाचून व्हायचं होतं.